शेपटी नसलेला नर

दादांची थर्ड शिफ्ट असली की आमच्या घरात कुकर लागत नसे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. संत तुकाराम नगरातली दोन खोल्यांची जागा, थोरली बहीण लग्न होऊन गेलेली, घरात राहिलो आई, दादा आणि मी. रात्रभर कंपनीत उभे राहून दादा सकाळी घरी यायचे. आंघोळ, ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आणि मग बाहेरच्या खोलीत कॉटवर आडवे. खिडकीला आईची काळपट चादर बांधलेली. तिथून दुपार कलेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. भात उघड्या पातेल्यात शिजायचा, कारण कुकरच्या शिट्टीनं दादा दचकून उठायचे आणि कुठली मशीन बंद पडली म्हणून विचारायचे. पितळी डबे फडक्यावर ठेवायचे. मिरच्या कुटायच्या तर खलबत्ता उचलून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जायचं. पोस्टमननं कडी वाजवली तर आई त्याच्याकडे असं बघायची की बिचारा पुढच्या वेळी पत्र दारातून आत सरकवून पळायचा.

लोक मला अजून विचारतात, तुम्हाला पक्ष्यांचा नाद कसा लागला? त्यांना काहीतरी गोड ऐकायचं असतं. मामाच्या गावची आमराई, आजोबांनी हातात दिलेली दुर्बीण, असलं काही. खरं उत्तर एवढंच की घरात मला मोठ्यानं वाचायची सोय नव्हती, आणि मला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नसे. म्हणून त्या आठवड्यांत मी पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन नाल्याकाठच्या झाडीत जाऊन बसायची. कॉलनीच्या मागून एक नाला पवनेकडे जायचा. त्याच्या दोन्ही अंगांना जुने आंबे, जांभळी, करंज अशी दाट झाडी होती, कुणी लावलेली, कुणाची, काही ठाऊक नाही. आज तिथून रस्ता गेलाय. पलीकडच्या काठाला थोडी झाडं उरलीत ती बघायला मी अजून जाते, आणि तिथले वॉचमन मला अजून हटकतात. हटकू देत. मी जाते.

मी तेव्हा आकुर्डीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली. तिसऱ्या वर्षाला एकच विषय घेऊन पुढे जायचं असतं, त्याला आम्ही स्पेशल म्हणायचो. मला प्राणिशास्त्र स्पेशल हवं होतं, दुसरं काही नको. जागा थोड्या, आणि कुणाला द्यायच्या ते विभागप्रमुख सर ठरवायचे. मार्क बघायचे, पण मर्जीही बघायची. सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला एक काम दिलं होतं: आपल्या परिसरातला एक जीव निवडा, महिनाभर बघा, त्याची ओळख पटवा, वर्गीकरण करा आणि चित्रासकट मोठा तक्ता करून आणा. पोरांनी पाली, गोगलगायी, कबुतरं घेतली. मला कोण मिळणार ते मी ठरवलंच नव्हतं. ते आपण होऊन आलं.

ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं त्या दिवसांत, नाल्याकाठी एक नवा आवाज आला. आधी कर्कश, च्यँव च्यँव, कुणीतरी भांडल्यासारखा. मग त्यातूनच एक शीळ, गोड, वर चढत जाणारी. मी पुस्तक मिटलं. जांभळीच्या सावलीत दोन पाखरं माशा पकडत होती. बुलबुलाएवढी, पाठ विटकरी तांबूस, पोट पांढरट, डोकं काळंभोर आणि त्यावर तुरा. फांदीवरून झेप घ्यायची, हवेतच माशी उचलायची, परत सावलीत. उन्हात एक क्षण थांबायची नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात पक्ष्यांचं एकच पुस्तक होतं, कपाटात कुलपात. ग्रंथपाल बाईंच्या हातापाया पडून मी ते तिथंच बसून बघितलं. स्वर्गीय नर्तक. दाट झाडीत राहणारा, उन्हाळ्यात विणीला येणारा. चित्रात नर दुधासारखा पांढरा आणि त्याला हातभर लांब दोन फितींची शेपटी. शेजारी मादी: तांबूस, आखूड शेपटीची. म्हणजे माझ्या झाडावर दोन माद्या होत्या. मी तेच धरून चालले होते.

पण मी दुपारच्या दुपार तिथं बसायची, आणि हलायची नाही. ती सवय आमच्या घरानंच लावली होती. त्यामुळे पाखरं माझ्या डोक्यावरच्या फांदीपर्यंत यायची, दुर्बिणीची गरजच नव्हती. आणि मला दिसायला लागलं की ही दोघं सारखी नाहीत. एकीचा गळा राखाडी, छातीकडे फिकट होत गेलेला. दुसरीचा गळा डोक्यासारखाच काळा, छातीपर्यंत काळा, आणि डोळ्याभोवती निळं कडं ठळक, एखाद्यानं पेननं गिरवल्यागत. शीळ घालायचं ते हे काळ्या गळ्याचं. पाण्यावर झुकलेल्या बारीक फांदीच्या बेचक्यात दोघांनी मिळून घरटं बांधलं, वाटीएवढं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लपेटलेलं, इतकं नेटकं की बघत राहावं. लांब शेपटीचा नवरा कुठंच नाही.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. दादांची झोप म्हणून आमचं सगळं बोलणं कुजबुजत. आई तोंडाला पदर लावून हसली.

"तिचा नवरा थर्ड शिफ्टला गेला असंल गं," ती म्हणाली. "माझ्यासारखीच गत बिचारीची."

मग एका सकाळी मी जे बघायचं ते बघितलं. आता माझं वय झालंय, मी स्पष्ट लिहिते. राखाडी गळ्याची फांदीवर अंग दाबून, पंख थरथरवत बसली, काळ्या गळ्याचा उडून तिच्या पाठीवर बसला, पंख फडफडवत तोल सांभाळला, आणि ते झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेच दोघं, तसंच, तोच वर. मला वाटतं मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. एका झटक्यात सगळं सरळ झालं. दोन माद्या नव्हत्याच. हा नर होता, फक्त कोवळा. शेपटी फुटायला त्याला अजून एखाददुसरं वर्ष लागणार. दादांच्या कंपनीत नव्या अप्रेंटिसला पहिली वर्षं खाकी कपडे मिळायचे, पर्मनंट झाला की निळे. खाकीतला पोरगा काय मशीन चालवत नाही? त्याला काय कुणी बाई म्हणतं?

मी तक्ता केला. बहिणीच्या लग्नात उरलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवून त्यावर सराव केला आणि मग मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोघांना जांभळीच्या फांदीवर बसवलं. एकीखाली लिहिलं, मादी. एकाखाली लिहिलं, नर, पहिल्या वर्षाचा. माझ्या आयुष्यात त्या दोन ओळींइतकं अक्षर मी पुन्हा कधी चांगलं काढलेलं नाही.

कॉलेज उघडलं. तक्ते प्रयोगशाळेत ओळीनं टांगले. सर हातात पट्टी घेऊन एकेकासमोर थांबत होते. सरांचा स्वतःचा अभ्यास माशांवरचा होता, आणि तो चांगलाच होता, हे मी आजही म्हणते. माझ्या तक्त्यासमोर ते थांबले आणि पट्टी नरावर टेकवली.

"शेपटी कुठाय?"

"अजून आलेली नाही सर. तरुण नर आहे."

"पुस्तकात बघितलंस?"

"बघितलं सर. पण पुस्तकात दोनच चित्रं आहेत."

"दोनच असतात. नर आणि मादी." मागून पोरं हसली. "या दोन्ही माद्या आहेत. खोडून नीट लिही."

"सर, दोघं एकाच घरट्यावर आळीपाळीनं बसतात. अंडी आहेत. दोन माद्या कशा बसतील? गळ्याचा रंग बघा..."

"बसत असतील. नर येऊन गेला असेल. नर आहे म्हणायला तुझ्याकडे पुरावा काय?"

पुरावा माझ्या जिभेच्या टोकावर होता. पण समोर सर, मागे पंचवीस-तीस पोरं, आणि मुली आम्ही मोजून चार. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत दुरुस्त कर. स्पेशलची यादी सोमवारनंतर लागणार आहे, लक्षात असू दे." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, जवळजवळ काळजीनं. तेच मला जास्त झोंबलं.

बसमध्ये मी रडले नाही. मी चिडले होते, सरांवर कमी आणि स्वतःवर जास्त. घरी आले तशी आईनं चेहरा वाचला आणि मला ओढत शेजारच्या ओट्यावर नेलं.

"काय झालं? बोल ना. कुणी काय बोललं का तुला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फांदीवरचं सुद्धा. आई आधी माझ्याकडे आ वासून बघत राहिली.

"अभ्यासाच्या नावाखाली तिथं बसून हे बघायलीस व्हय तू?" आणि मग तिला हसू आवरेना. खलबत्त्यावर हात टेकून हसली, काकूंना बोलावून सांगितलं, काकूही हसल्या. डोळे पुसून आई म्हणाली, "मग सांगितलं का न्हाईस त्या मास्तरला?"

"लाज वाटली."

"कशाची? तू केलंस का ते? पाखरांनी केलं. त्यांना न्हाई वाटली ती."

आमच्या हसण्यानं दादा उठले होते. दारात उभे, डोळे लाल, बनियनवर. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाजवली. दादा इन्स्पेक्शनला होते, आलेला माल तपासून पास-नापास करायचं काम.

"उजे, आमच्यात माल रिजेक्ट करायचा तर लाल चिठ्ठी लावावी लागते," ते म्हणाले. "तिच्यावर कारण लिहायचं, खाली सही करायची. नुसतं नको म्हणून कुणाला फेकता येत नाही. तुझ्या सरांनी कारण काय दिलं?"

"शेपटी नाही म्हणून."

"मग तुझं कारण तू सांगितलंस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. दादा म्हणाले, "सांग. मग बघू." आणि पुन्हा झोपायला गेले. जाताना थांबून एवढंच बोलले, "वर्ष मात्र वाया जाऊ देऊ नको बाई. आपल्याला ते झेपणार नाही." हेही खरंच होतं. मी नापास झाले असते किंवा घरी बसले असते तर पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले असते. ते सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

मध्येच एक सांगते. परवा आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी फोटो टाकला. केवढा कॅमेरा, केवढी लेन्स, पाखराच्या पापण्या मोजाव्यात. खाली लिहिलं, स्वर्गीय नर्तक, मादी. त्यांच्या मोबाइलनंच तसं सांगितलं म्हणे. मी लिहिलं, गळा बघा. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि नाव तसंच ठेवलं. मी पुन्हा लिहिलं, गळा बघा. सून म्हणते, आई, सोडून द्या ना. का सोडू? माझं काय जातं बघा म्हणायला.

सोमवार आला. तक्ता मी होता तसाच ठेवला. सर आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"दुरुस्त का नाही केलं?"

"चूक नाही सर, म्हणून."

"पुरावा?"

मी उभी राहिले. आवाज आला, आणि आला तो आमच्या घरात कधी काढायला मिळाला नाही एवढा मोठा आला. "सर, मी दोघांचा समागम बघितला. दोनदा बघितला. दोन्ही वेळा काळ्या गळ्याचा वर होता आणि राखाडी गळ्याची खाली. म्हणून तो नर आहे."

मग एक पोरगा खिदळला, त्याच्या मागे दुसरा. शेजारच्या मैत्रिणीनं माझी ओढणी खाली ओढली, बस म्हणून. सरांचे कान लाल झाले.

"मुलींनी चारचौघांत असं बोलायचं असतं?" ते म्हणाले. "तुमच्याकडे चालत असेल. इथं चालणार नाही."

तुमच्याकडे. तो शब्द कुठं लागायचा तिथं बरोबर लागला, आणि वर्गातल्या प्रत्येकाला कळला. माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली की उरलीसुरली भीती त्यात जळून गेली.

"सर, याच टेबलावर मी बेडूक उघडून त्याचं सगळं तुम्हाला दाखवलंय. नाव घेऊन दाखवलंय. तेव्हा तुम्ही मला पैकीच्या पैकी दिले. मेलेल्याचं चालतं आणि जिवंताचं चालत नाही?"

"बाहेर जा."

"जाते सर. पण तक्त्यावर कारण लिहा आणि सही करा. चूक आहे म्हणून काढला, का मुलगी बोलली म्हणून काढला?"

त्यांनी काही लिहिलं नाही. मी बाहेर गेले. शिपायानं तक्ता उतरवून माझ्या हातात आणून दिला, तोही बिचारा माझ्याकडे बघेना.

यादी लागली. प्राणिशास्त्र स्पेशलमध्ये माझं नाव नव्हतं. मला रसायनशास्त्र दिलं होतं. माझ्यापेक्षा कमी मार्कांची पाच नावं प्राणिशास्त्राच्या यादीत मी स्वतः वाचली. मैत्रीण म्हणाली, सरांची माफी माग, ते वाईट नाहीत, विसरतील. ते वाईट नव्हतेच. पण माफी कशाची मागायची ते मला कुणी सांगेना. मी ठरवून टाकलं. रसायनशास्त्राच्या वर्गात मी पाऊलच टाकलं नाही. प्राणिशास्त्र स्पेशलच्या पहिल्या तासाला गेले आणि पहिल्या बाकावर बसले.

सर हजेरी नावं वाचून घ्यायचे. सगळी नावं झाली, वही मिटली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "उज्ज्वला, हजर सर." सरांनी ऐकलंच नाही असं दाखवून शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळ्यांची नावं, वही मिटायची, मी उठायची, "उज्ज्वला, हजर सर." एकदा त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून तास लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर. पोरांनी मला "हजर बाई" असं नाव पाडलं. पाडू दे. घरी आईचा जीव वरखाली व्हायचा. दादा फर्स्ट शिफ्टहून आल्यावर रोज विचारायचे, "घेतलं का नाव?" मी नाही म्हणायची आणि ते चहाचा कप उचलायचे. रसायनशास्त्राची माझी गैरहजेरी साचत चालली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर मला दोन्हीकडे परीक्षेला बसू दिलं नसतं, वर्ष गेलं असतं. मला रात्री झोप लागत नव्हती, हे मी कुणाला कळू दिलं नाही. सकाळी उठून बस धरायची.

मग यादीतला एक मुलगा कंपनीत नोकरी लागली म्हणून कॉलेज सोडून गेला. जागा रिकामी झाली हे सगळ्यांना समजलं. त्या सकाळी सरांनी हजेरी सुरू केली. त्याचं नाव आलं, त्यांनी पेननं त्यावर रेघ मारली, पुढची नावं वाचली. शेवटचं नाव झालं. मी उठायच्या बेतात बाकावर हात टेकवले.

"उज्ज्वला," सर वहीत बघत म्हणाले.

"हजर सर." रोजच्याइतक्याच मोठ्यानं म्हणाले. एक कणही कमी नाही.

त्यांनी नाव लिहिलं. माफी नाही, चार शब्द नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. वही मिटून खडू उचलला आणि माझ्यासमोर धरला. "तुझी ती पाखरं फळ्यावर काढ. दोन्ही." मी गेले. सगळा वर्ग माझ्या पाठीकडे बघत होता. मी फांदी काढली, राखाडी गळ्याची काढली, खडू आडवा घासून काळ्या गळ्याचा काढला. खाली नावं घालायची वेळ आली तसं मी मागे वळून विचारलं, "खाली काय लिहू सर?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. "पाहिलंस ते लिही," ते म्हणाले.

मी एकीखाली लिहिलं, मादी. दुसऱ्याखाली लिहिलं, नर. आणि मग हात थांबेना, म्हणून त्याच्या खाली, मागच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, पूर्ण वाक्य लिहिलं: याला मी मादीशी समागम करताना पाहिलं आहे. सरांनी वळून ते सगळं वाचलं. डस्टर त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर शिकवायला सुरुवात केली.